आज ऐकू आलीस

सांगलीच्या नादरंजन मंडळात फूट पडली ती गाण्यावरून नव्हे. गाण्यावरून फूट पडायला आधी गाणं ऐकावं लागतं. फूट पडली ती गाणं कशावर ऐकावं यावरून. जुन्या स्पूलच्या टेपवर ऐकणाऱ्यांना डिजिटलवाले 'भिंगरी पार्टी' म्हणत आणि डिजिटलवाल्यांना टेपवाले 'आकडेमोड मंडळ' म्हणत. दोन्ही गटांचं स्नेहसंमेलन एकाच दिवशी, एकाच कार्यालयात, वेगवेगळ्या मजल्यांवर होत असे, कारण मसालेभात चांगला करणारा आचारी गावात एकच उरला होता.

टेपवाल्यांचे पुढारी होते प्राध्यापक श्रीरंग निवळीकर. इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले, पण त्यांची खरी ओळख म्हणजे कै. पंडित भार्गवबुवा निवळीकर यांचे चिरंजीव. डिजिटलवाल्यांचे पुढारी होते दातांचे डॉक्टर बाहुबली माणगावे.

"काय ओ सर," माणगावे जिन्यात गाठून विचारत, "तुमच्या त्या टेपमध्ये गाणं किती आणि खरखर किती?"

"खरखर हा गाण्याचा श्वास आहे, डॉक्टर."

"असं होय? आमच्याकडं पेशंट अशी खरखर घेऊन आला तर आम्ही त्याला छातीच्या डॉक्टरकडं पाठवतो."

खरं म्हणजे चांगलं डिजिटल मुद्रण टेपपेक्षा जास्त इमानी असतं. ते सेकंदाला हजारो वेळा आवाज मोजतं, आणि मोजलेलं विसरत नाही. टेप ताणली जाते, गंजते, उन्हाळ्यात एक आणि थंडीत एक गाते. श्रीरंगनं आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं होतं आणि संध्याकाळी मंडळात जाऊन नेमकं उलट सांगितलं होतं. सुशिक्षित माणसाला दोन मतं परवडतात, एक पगाराचं आणि एक जिव्हाळ्याचं.

जिव्हाळ्याला कारणही तसंच होतं. भार्गवबुवांची कीर्ती एका षड्जावर उभी होती. जयसिंगपूरच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात बुवा गायले, तेव्हा त्यांनी तार षड्ज लावला आणि तो सोडलाच नाही. इतका वेळ, की पंख्याच्या आवाजानं वैतागलेले यजमान उठले, भिंतीपाशी गेले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले, तरी षड्ज चालूच. टेपवर पंखा थांबलेला स्पष्ट ऐकू येतो. या दमसासावर तीन पिढ्या माना डोलावत होत्या. प्राणायामाचे वर्ग त्या स्वरावर चालत. अलीकडे एका कंपनीनं श्वास मोजणारं ॲप काढलं होतं आणि त्यात सर्वात वरच्या पातळीचं नाव 'निवळीकर' होतं. त्या पातळीला कोणी पोचल्याची नोंद नव्हती.

याच स्वराची माणगाव्यांकडे डिजिटल प्रत होती. फार वर्षांपूर्वी कोणीतरी स्टुडिओत टेपवरून उतरवून 'स्वच्छ' केलेली. त्या स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रॅमचं तत्त्वज्ञान सोपं होतं. ठरावीक पातळीच्या खालचा प्रत्येक आवाज म्हणजे कचरा. आणि मोठ्या आवाजाच्या आड जो लहान आवाज कानाला जाणवणार नाही, तो ठेवायचं कारण नाही. त्यामुळे त्या प्रतीत पंखा नव्हता, खरखर नव्हती, यजमानही नव्हते. फक्त बुवा होते, इस्त्री केलेले.

"तुमच्या प्रतीतून काय काय गेलंय, हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही," श्रीरंग म्हणत.

"जे कळत नाही त्याचं दुःख कशाला करायचं?" माणगावे म्हणत, आणि दोघं आपापल्या मजल्यावर जेवायला जात.

हे असंच दोघांपैकी एकाच्या शोकसभेपर्यंत चाललं असतं. पण मध्येच 'थरवाचक' आला.

बंगळुरूच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे यंत्र शिवणयंत्राएवढं होतं आणि त्याला टेप वाजवावी लागत नसे. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीला फासलेली गंजाची पूड. पुडीचा कण न् कण म्हणजे एक इवलं लोहचुंबक. आवाजानं त्याला जसं वळवलं तसं ते वळून बसतं. पण काही कण आज्ञा पाळत नाहीत, आणि त्यांचा बेशिस्तपणा आपल्याला खरखर म्हणून ऐकू येतो. जुना टेपरेकॉर्डर पट्टीच्या सगळ्या रुंदीची एकदम सरमिसळ वाचायचा. थरवाचक हिऱ्याच्या टोकानं पट्टीच्या रुंदीत हजारो बारीक रेघा वेगवेगळ्या वाचत असे.

त्यानं काय होतं? मंगल कार्यालयात हजार ठिकाणी माइक ठेवलेत असं समजा. एका माइकजवळ सोन्याच्या भावाची कुजबुज, दुसऱ्याजवळ मुलाच्या पगाराची, तिसऱ्याजवळ जिलबी संपल्याची. पण मंगलाष्टक सगळीकडे एकच. ही हजार मुद्रणं एकावर एक ठेवली की कुजबुजी एकमेकींत विरून जातात आणि मंगलाष्टक लख्ख उरतं. थरवाचक टेपची खरखर अशीच विरवून टाकी, आणि त्या खरखरीच्या तळाशी इतकी वर्षं कोणीही न ऐकलेलं जे असेल ते वर येई.

लोकांनी माळ्यावरच्या टेपा काढल्या आणि महाराष्ट्राचं कौटुंबिक स्वास्थ्य ढासळलं. रत्नागिरीत एका बारशाच्या टेपेत पाळण्याच्या गाण्याखाली आजोबांचं "पुन्हा मुलगीच का?" सापडलं. ती मुलगी आता साठीची होती आणि आजोबांच्या नावाची शिष्यवृत्ती चालवत होती. साताऱ्यात एका पूज्य कीर्तनकारांच्या नामस्मरणाखाली भजी गार असल्याची तक्रार निघाली. लोक पस्तावले, पण टेपा पाठवायचे थांबले नाहीत.

श्रीरंगनं जयसिंगपूरची टेप पाठवली ती मात्र शुद्ध अहंकारापोटी. बुवांची जन्मशताब्दी जवळ आली होती. दोन्ही मजल्यांचा मिळून एक कार्यक्रम ठरला होता, आणि त्यात माणगाव्यांच्या इस्त्री केलेल्या बुवांसमोर आपले अख्खे बुवा उभे करावेत, असा त्याचा बेत होता.

निकाल संगणकावर आला. श्रीरंगनं हेडफोन लावले. पंखा, यजमानांच्या चपला, दूर कुठे बैलाच्या गळ्यातली घंटा. मग षड्ज. आणि षड्जाच्या पोटात, पंखा बंद होण्याच्या जरा आधी, बुवांनी श्वास घेतला.

चांगला, पोटभर, नाकानं घेतलेला श्वास. आणि तो घेत असताना षड्ज चालूच होता.

त्यानं परत ऐकलं. दोन माणसांचे गळे कधीच एकसारखे थरथरत नाहीत. खरखर गेल्यावर यंत्राला दोन थरथरी वेगळ्या करता आल्या होत्या. एक बुवांची. दुसरी त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या धाकट्या बहिणीची. मालूआत्याची. बुवांचा दम संपायच्या किंचित आधी ती स्वराखाली येऊन उभी राही, बुवा श्वास घेऊन परतले की निघून जाई. त्या एका षड्जात हे अनेकदा घडलं होतं.

श्रीरंगनं हेडफोन काढून ठेवले. वडिलांना नुसत्या टॉवेलवर पाहिल्यासारखं त्याला झालं. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्यानं संगणक झाकला.

दोन दिवस तो शरमेनं मंडळाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्या शरमेचं रूप पालटलं. काही लाज अशी असते की ती चारचौघांत मिरवता येते. वडिलांच्या खोट्या दमाची लाज मिरवता येण्यासारखी नव्हती. पण एका बाईचं श्रेय घराण्यानं दाबलं याची लाज मिरवता येत होती. तिला भाषण होतं, टाळ्या होत्या.

"आत्याचा सत्कार करायचा," त्यानं बायकोला सांगितलं. "शताब्दीला. स्टेजवर. सगळ्यांसमोर तिचा आवाज वेगळा काढून ऐकवायचा. इतक्या वर्षांचा अन्याय आहे हा, वैजू."

वैजयंती कणीक मळत होती. "तिला विचारलंस?"

"सरप्राइज आहे."

"पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला?"

"अगं, तिला रडू येईल."

"ते येईलच," वैजयंती म्हणाली.

मालूआत्या विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, कोणाची भीड ठेवली नव्हती. ज्येष्ठांच्या क्लबात रमीत सगळ्यांना हरवायची आणि वर, "तुम्हाला पत्ते धरता येत नाहीत, आयुष्य काय धरणार," असं ऐकवायची. गाण्याबद्दल मात्र विचारलं की म्हणे, "मी तंबोरा धरायची," आणि विषय बदले. हा तिचा विनय असावा असं श्रीरंगला वाटे. आत्याला विनय असेल हे तसं शक्य नव्हतं, पण त्यानं त्यावर विचार केला नव्हता.

शताब्दीला मंडळाचं सभागृह भरलं. आत्या इरकली नेसून, अत्तर लावून, काळा चष्मा घालून पहिल्या रांगेत बसली. तिच्या दादाचा, म्हणजे बुवांचा, कार्यक्रम आहे एवढंच तिला सांगितलं होतं.

आधी माणगाव्यांची प्रत वाजली. इस्त्रीचे बुवा. मग टेप वाजली, पंख्यासकट. टेपवाले उठून टाळ्या वाजवू लागले. श्रीरंगनं हात वर केला.

"मित्रहो, आज मला माझ्या वडिलांविषयी एक कटू सत्य सांगायचं आहे," तो म्हणाला आणि त्यानं ते बऱ्यापैकी गोड आवाजात सांगितलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, निळी बुवांची आणि लाल आत्याची. निळी तुटे तिथे लाल असे. "या घराण्याचा दम एका स्त्रीचा होता," श्रीरंग म्हणाला. आत्याला स्टेजवर आणलं. शाल, श्रीफळ. आत्या शालीखाली ताठ उभी होती.

"आता," श्रीरंग म्हणाला, "फक्त आत्या."

त्यानं निळी रेघ बंद केली.

सकाळीच त्यानं पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ टाकली होती, शुद्ध षड्जाची. त्याला प्राध्यापकी खोड होती, आलेख म्हटला की संदर्भरेषा हवीच. आत्याचा एकटीचा आवाज त्यानं असा सुटा करून, त्या रेघेसमोर धरून पाहिला नव्हता. डोळे भरून आले होते, त्यात तपासायचं राहून गेलं.

सभागृहात एक किनरा धागा ऐकू आला. कुठून तरी मध्येच सुरू होणारा, कुठे तरी मध्येच संपणारा. आणि उतरलेला. पडद्यावर लाल रेघ पांढऱ्या रेघेच्या खाली लोंबत होती, साडीचा फॉल सुटल्यासारखी. पुढचा तुकडाही तसाच. त्याच्या पुढचा जरा जास्तच.

सांगलीच्या रसिकांना काय काय कळत नाही यावर मतभेद आहेत, पण उतरलेला सूर कळतो.

"च्च," कोणीतरी म्हणालं.

"बेसूरच की हो," मागून एक आवाज आला, दबका नव्हे, चांगला मोठा.

"वय झालं असेल."

"तेव्हा कुठलं वय? तेव्हा तरुण होत्या."

श्रीरंग बटण शोधत होता. त्याला ते सापडेना. आत्यानं माइक हातात घेतला.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "बंद करा."

तिनं शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र उचलला. "हा नेते. चटणीला होईल." आणि ती पायऱ्या उतरून, कोणाचाही हात न धरता, मधल्या वाटेनं निघून गेली.

तिला घरी सोडलं माणगाव्यांनी. परत येऊन ते श्रीरंगजवळ उभे राहिले. आता टोमणा येणार म्हणून श्रीरंगनं मान खाली घातली.

"सर," माणगावे हळूच म्हणाले, "आमच्या कॉपीत हे नव्हतं." खुर्चीवरची शाल उचलत ते म्हणाले, "आणि टेपेतलं ऐकायला शेवटी आकडेच लागले. पण ते जाऊ द्या आता."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सकाळपर्यंत सभागृहातलं चित्रीकरण सगळीकडे पोचलं. श्वासाच्या ॲपनं 'निवळीकर' पातळी काढून टाकली. 'बेसूर आत्या' या नावानं कोणीतरी तिचे तुकडे जोडून ढोलकीवर बसवले होते. वैजयंतीनं ते श्रीरंगला दाखवलं. तो विश्रामबागेत गेला.

आत्यानं दार उघडं टाकलं होतं आणि खिडकीपाशी नारळ खवत बसली होती.

"बस," ती म्हणाली. "रडायला आला असशील तर आधी पाणी पी."

"आत्या, मला वाटलं तुझ्यावर अन्याय..."

"काय अन्याय? दादा पळून गेला होता का माझं गाणं घेऊन?"

"तुझं नाव कुठेच नव्हतं."

"रंग्या, तू मास्तर ना रे? मागे गाणाऱ्याचं काम काय?"

"साथ करणं."

"ऐकू न येणं." तिनं खवणं थांबवलं. "दादाचा दम उणा होता. लहानपणी न्यूमोनियानं एक फुप्फुस गेलेलं. हे आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. तो उतरायचा, तेव्हा मी त्याच्याबरोबर उतरायची. त्याच्या इतकीच. केसाएवढीसुद्धा वर राहिले असते तर दोन आवाज झाले असते, आणि पहिल्या रांगेतला कोणीही शेंबडा ओळखता. सुरात गाणं कोणालाही येतं रे. दुसऱ्याच्या बेसुरात त्याच्याइतकं बेसूर होऊन गायचं, आणि त्याच्याबरोबर वर यायचं, ते करून दाखवा म्हणावं."

समीक्षकांनी त्या उतरण्याला 'षड्जाची कातरता' असं नाव दिलं होतं, हे श्रीरंगला आठवलं. त्यावर एक प्रबंधही होता.

"कोल्हापूरच्या एका मैफलीनंतर दादा मला म्हणाला, 'आज ऐकू आलीस.' एवढंच. आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. मला वाटलं जीव द्यावा. त्यानंतर परत कधी ऐकू आले नाही मी. मरेपर्यंत नाही. त्याच्याही, माझ्याही, असं धरून चालले होते." तिनं खोबऱ्याकडे पाहिलं. "त्या माणगाव्याच्या डिजिटलमध्ये मी ऐकू येत नाही म्हणून तू त्याला नावं ठेवतोस. अरे, त्यात मी नाही, हेच तर माझं गाणं. यंत्रालासुद्धा कळलं नाही. मला काल ते ऐकून इतकं बरं वाटलं होतं, आणि मग तू स्टेजवर चढलास."

"मी सगळं काढून टाकतो. लिहून कळवतो सगळ्यांना, की तू मुद्दाम..."

"म्हणजे दादा उतरायचा हे परत सांगणार."

आत्यानं नारळाची दुसरी वाटी उचलली.

"आणि फुप्फुसाचंही सांगशील. मग त्याची सहानुभूती सभा घ्याल. वर आणि खाली, दोन मजल्यांवर."

श्रीरंग फरशीकडे पाहत बसला. लहानपणी परीक्षेत नापास झाला की तो याच आत्यासमोर असाच बसायचा. फरक एवढाच की तेव्हा त्याला पुढची परीक्षा असे.

"गा," आत्या म्हणाली.

"काय?"

"सा लाव. तुझ्या पट्टीत. घाबरू नकोस, तुला येत नाही हे मला माहीत आहे."

त्यानं सा लावला. तो लागला तसा लागला. त्याचा दम वडिलांपेक्षाही तोकडा होता; थोड्याच वेळात छातीत ओढ बसली आणि आता तुटणार असं वाटलं. तुटला नाही. तो गातच होता. त्यानं घाबरून श्वास घेतला, तरी तो गातच होता. आत्याचे ओठ जेमतेम विलग होते. तो तिच्याकडे पाहत होता आणि तरी तिचा आवाज त्याला वेगळा काढता येत नव्हता. खोलीत एकच सा होता आणि तो त्याचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण बरं गातो असं वाटलं. तो खाली घसरला तरी वाटलं. यंत्र नव्हतं, पडदा नव्हता, आणि त्याचे दोन्ही कान ठणठणीत होते.

मग आत्यानं तोंड मिटलं असावं, कारण श्रीरंगचा सा चिंधीसारखा फाटला.

दारात टाळ्या वाजल्या. शेजारच्या कोरेबाई दुधाची पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या.

"अगंबाई, सर! तुम्ही गाता होय? काय दम ओ! मी जिना चढून आले तरी तुमचं चालूच."

श्रीरंगनं आत्याकडे पाहिलं. आत्या खाली वाकून नारळ खवत होती, जणू खोलीत नव्हतीच. तो खरं सांगायला उठला होता. ते त्याच्या तोंडाशीही आलं होतं, आणि सांगितलं असतं तर आत्या परत ऐकू आली असती.

"वडिलांकडून आलंय," तो म्हणाला.

"तरीच," कोरेबाई म्हणाल्या. "रक्तातच असावं लागतं ते."

श्रीरंगचे कान लालभडक झाले होते. कोरेबाईंना वाटलं, गाण्याच्या श्रमानं.